जिंकलेल्या पक्षाची हरकत

हरकत लिहायला बसण्याआधीच यशोधराबाई गजभिये यांना ती फेटाळल्याचं पत्र आलं.

'आपली हरकत विचारात घेण्यात आली. तीतील मुद्द्यांना सोबतच्या खंडात सविस्तर उत्तर दिले आहे. आपल्या सहकार्याबद्दल दिवाणी नियम मंडळ आभारी आहे.' खाली सही, शिक्का, सगळं यथासांग. यशोधराबाईंनी पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. त्यांनी कसलीही हरकत पाठवली नव्हती. पाठवायची होती, हे खरं. त्यासाठी त्यांनी रविवार राखून ठेवला होता. पण आज मंगळवार होता.

सोबतचा खंड विटेएवढा जाड होता. 'अपेक्षित हरकती व त्यांवरील उत्तरे'. त्यात त्यांच्या नावाचं प्रकरण होतं, आणि ते वाचता वाचता बाईंचे कान तापले. लिहिलेलं सगळं त्यांचंच होतं. परिच्छेदागणिक 'सबब' म्हणायची खोड त्यांची. बहिऱ्या माणसाला मागून हाक मारायची आणि 'आला नाही' अशी नोंद करायची, हे वर्गात हजारदा सांगितलेलं उदाहरणही त्यांचंच. रविवारी त्यांनी जे लिहिलं असतं तेच इथे होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा जरा चांगलंच लिहिलं होतं. त्यानेच त्यांचं डोकं जास्त फिरलं.

यशोधराबाई नागपूरच्या एका विधी महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया शिकवत. हा विषय म्हणजे झोपेची गोळी, अशी त्याची ख्याती. खुनाबिनाचं त्यात काही नाही. दावा कसा दाखल करायचा, समन्स कसं बजावायचं, तारखेला कोण आलं आणि कोण नाही, असला सगळा रुक्ष मामला. बाईंनी तर त्यातलाही सर्वांत रुक्ष कोपरा निवडला होता, गैरहजर पक्षकार. त्यावर त्यांचा ग्रंथ होता, आणि तो वकिलांच्या कपाटात असे, वाचलेला असो वा नसो. पण बाईंच्या लेखी न्यायाचं सगळं मर्म त्या कोपऱ्यात होतं. "कायदा जाडजूड असतो," त्या वर्गात म्हणत, "न्याय एवढासा असतो. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, त्याला आधी हाक मारा. बस्स."

ती हाक म्हणजे पुकारा. खटला हाती घेण्याआधी शिपाई व्हरांड्यात येऊन वादी-प्रतिवादीची नावं खड्या आवाजात पुकारतो, आणि कडुनिंबाखाली बसलेली माणसं लगबगीने उठतात. हा पुकारा आता बंद होणार होता. मंडळाच्या नव्या नियमात एकच वाक्य होतं: 'पक्षकाराचे प्रतिरूप उपस्थित असेल, तर पक्षकार उपस्थित आहे असे मानण्यात येईल.'

प्रतिरूप ही 'पूर्ववेध' नावाच्या यंत्रणेची करामत होती. गेल्या अनेक दशकांत खालच्या न्यायालयांत झालेले दिवाणी खटले तिने वाचले होते, जबान्या आणि उलटतपासांसकट. कोणता माणूस कोणत्या प्रश्नाला काय म्हणतो, कुठे अडखळतो, कुठे चिडतो, याचं गणित तिने त्यातून बसवलं. नवा दावा आला की ती दोन्ही पक्षांची कागदपत्रं, पत्रव्यवहार, भाषणं, आवाजाच्या फिती, जे मिळेल ते घेई आणि दोघांची बोलती प्रतिरूपं तयार करी. मग ती प्रतिरूपं समोरासमोर उभी राहत, प्रश्न विचारत, उत्तरं देत. एकदा नव्हे, हजारो वेळा, दर वेळी थोडा फरक करून. त्यांतल्या शंभरात सत्त्याण्णव वेळा एकच बाजू जिंकली, तर सुनावणी कशाला हवी? थेट हुकूमनामा. वर्षानुवर्षं रेंगाळणारा दावा एका दुपारीत निकाली निघे.

काही न्यायालयांत हा नियम प्रायोगिक म्हणून चालूही झाला होता. आता तो सगळीकडे लागू करायचा, तर आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवणं कायद्याने भाग होतं. मंडळाने त्यावरही तोड काढली. लोक काय हरकती घेतील, हे त्यांनी पूर्ववेधलाच विचारलं.

"पण मॅडम, वेळ किती वाचला बघा!" विश्वजित ढोके म्हणाला.

ढोके बाईंचा जुना विद्यार्थी, आता मंडळाचा सचिव. बाई चिडणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो स्वतः भेटायला आला होता आणि येताना कोपऱ्यावरचे तर्री-पोहे बांधून आणले होते. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याचे वडील एका पेन्शनच्या दाव्यात तारखा करत करत वारले होते, आणि तेव्हापासून 'तारीख' हा शब्द ऐकला की त्याच्या कपाळाची शीर ताठ होई.

"यंत्राचे निकाल अचूक आहेत म्हणता. कशावरून?" बाईंनी विचारलं.

"जुन्या खटल्यांवरून. कागद दिले, निकाल झाकून ठेवला, अन् पूर्ववेधला ओळखायला लावला."

"म्हणजे त्या खटल्यांत सुनावणी झाली होती, म्हणून तुला ताडून पाहता आलं. आता सुनावणीच व्हायची नाही. मग उद्या यंत्र चुकलं, तर ते चुकलं हे कळणार कुणाला आणि कसं?"

ढोकेने खंड उघडला. "परिच्छेद अकरा, मॅडम. हाच मुद्दा आहे."

"आरसा फोडून टाकायचा आणि म्हणायचं, बघा, तोंडाला काही लागलेलं नाही!"

"आरशाचं उदाहरण पुढच्या पानावर आहे." तो ओशाळून म्हणाला. "उत्तरही दिलंय. दरवर्षी काही निकाल नमुन्यादाखल तपासले जातील."

"तपासणार कोण?"

ढोके पोह्यांत लिंबू पिळत राहिला. "पूर्ववेधचीच पुढची आवृत्ती."

बाईंनी खंड मिटून बाजूला सारला. काही बोलावं आणि ते पान अमुकवर सापडावं, या खेळात त्यांचा जीव घुसमटायला लागला होता. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलेल्या बाईंना आपलं तोंड उसनं आहे असं पहिल्यांदा वाटलं.

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" ढोके उठता उठता म्हणाला. "तुमच्या घराचा दावाही प्रायोगिक यादीत आहे. गुरुवारी निकाल येतोय. मी सांगायला नको, पण तुम्ही जिंकताय, मॅडम."

घराचा दावा म्हणजे दोघी बहिणींचा दावा. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतलं तीन खोल्यांचं घर वडिलांनी मृत्युपत्राने धाकट्या यशोधरेला दिलं होतं. थोरली, पद्मिनी रंगारी, नवरा गेल्यावर माहेरी परतली, वडिलांचं दुखणंखुपणं तिनेच काढलं आणि पुढच्या खोलीत खानावळ चालवून आपलं पोट भरलं. वडील गेले, मृत्युपत्र वाचलं गेलं, आणि पद्मिनीने एवढंच म्हटलं, "पुढची खोली माही आहे." का, ते तिने सांगितलं नाही. यशोधराबाई म्हणाल्या, राहा की, कोण जा म्हणतंय. पद्मिनी म्हणाली, मले राहू देऊ नको, माही आहे म्हण. तिथे बिनसलं ते बिनसलंच. वकिलाने 'वडिलांनी तोंडी शब्द दिला होता' एवढंच लिहून पद्मिनीचा दावा लावला, मधलं दार दोन्ही बाजूंनी बंद झालं, आणि चार वर्षं दोघी एका छपराखाली राहून नळाच्या पाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

मात्र दारापलीकडचं ऐकू येई. सकाळी कणीक तिंबताना पद्मिनी मोठ्याने बोलायची. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून कसं बोलायचं, त्याची ती तालीम असे. "साहेब, मी शपथेवर सांगते..." आणि मग परात आपटल्याचा आवाज. शपथेनंतरचं वाक्य कधी दाराच्या अलीकडे आलं नाही.

गुरुवारी हुकूमनामा आला. 'वादी हजर, प्रतिरूपाद्वारे. प्रतिवादी हजर, प्रतिरूपाद्वारे. दावा रद्द.' साठ दिवसांत पुढची खोली रिकामी करायची होती. सोबत एका नमुना-उलटतपासाची प्रत होती. यशोधराबाईंनी वकील दिला नव्हता, त्यामुळे उलटतपास त्यांच्याच प्रतिरूपाने घेतला होता. लेखी पुरावा आहे का? नाही. वडिलांनी शब्द दिला तेव्हा कुणी साक्षीदार होता? नाही. म्हणजे तुमच्या म्हणण्याखेरीज काहीच नाही? यावर पद्मिनीचं प्रतिरूप गप्प.

बाई जिंकल्या होत्या, आणि त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. आपल्या आवाजात, आपल्या नावाने कुणीतरी आपल्या बहिणीला हजारो वेळा गप्प केलं होतं, आणि आपण तेव्हा इथे बसून भाजी निवडत होतो!

त्यांनी मधल्या दाराची कडी काढली. पलीकडचीही निघाली. पद्मिनी पदराला हात पुसत उभी होती, मागे चुलीवर वांगी भाजत होती आणि तिच्या हातात तोच कागद होता.

"मी कोर्टात गेलीच नाई, अन् हारली कशी?"

"ताई, नवा नियम आहे. तुझं प्रतिरूप—"

"ते सांगतलं वकिलानं. मले एवढंच सांग, मी काय बोलली?"

बाईंनी प्रत वाचून दाखवली. पद्मिनी भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटच्या ओळीला ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"गप्प राहिली म्हणते. चार वर्षं मी बोलाची तयारी करून राहिली, अन् ते माहं भूत गप्प राहिलं!"

"मग तू काय बोलली असतीस?"

पद्मिनीची नजर खिडकीकडे गेली. तिच्यातून तिरपं ऊन येत होतं. त्या खिडकीची चौकट पहिल्यापासून वाकडी, आणि बाबांना भिंत धड बांधता आली नाही, असं यशोधराबाई नेहमी म्हणत.

"असं नाई सांगत मी. घरात तर नाईच नाई," ती म्हणाली. "पिंजऱ्यात उभी करा, शपथ द्या, मग सांगीन. साठ दिवस आहेत ना? तोवर मी हालत नाई इथून. पोलीस आण, नाईतर तुह्या त्या भुताले आण."

दार बंद झालं. पण यशोधराबाईंना बहिणीचा राग आला नाही. उलट इतक्या दिवसांत प्रथमच त्यांची छाती भरून आली. साऱ्या राज्यात पूर्ववेधला 'मी हलणार नाही' म्हणणारं एक तरी माणूस होतं, आणि ते आपल्या आईच्या पोटचं होतं.

त्या तशाच टेबलाशी गेल्या आणि तो विटेएवढा खंड पुन्हा चाळायला लागल्या. आता त्या उत्तरं वाचत नव्हत्या, हरकत घेणारे कोण आहेत तेवढं बघत होत्या. खटला हरलेले होते. हरायची भीती असलेले होते. वकील होते, कारण त्यांचा धंदा बुडणार होता. त्यांच्यासारखे दोन-चार प्राध्यापक होते, ज्यांना कुणी विचारत नाही. जिंकलेला एकही माणूस मात्र त्यात नव्हता.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. साहजिकच होतं! यंत्र शिकलं जुन्या दप्तरांवरून, आणि दप्तरात जिंकलेला माणूस कधी तक्रार करताना सापडणार? कायदाच त्याला उभं करत नाही. अपील करायचं तर आधी तुमचं नुकसान व्हावं लागतं. पेढे वाटून घरी गेलेल्या माणसाची नोंद कुठे राहत नाही. पूर्ववेधच्या जगात असा प्राणीच जन्माला आला नव्हता.

आणि ढोकेने, गुणी विद्यार्थ्याने, मसुद्याच्या शेवटी एक वाक्य घातलं होतं: 'खंडात समाविष्ट नसलेली हरकत आल्यास हरकतदाराला समक्ष ऐकण्यात येईल.' नियम कितीही घट्ट करा, एक दार ठेवा, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. त्या दाराने कुणी आत येईल, असं त्याला वाटलं नव्हतं एवढंच.

मंडळाच्या बैठकीला यशोधराबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून गेल्या. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चिंतामण पाठराबे. थकलेले, सभ्य गृहस्थ, आणि त्यांना लवकर घरी जायचं होतं.

"गजभिये मॅडम, तुमची हरकत निकालात निघाली आहे ना?"

"ती माझी नव्हती, साहेब. ही माझी आहे. माझ्या घराच्या दाव्यात माझ्या बाजूने हुकूमनामा झालाय. मी जिंकलेय. आणि माझी त्याला हरकत आहे."

पाठराबेंनी ढोकेकडे पाहिलं. ढोकेने खंड चाळला, मग समोरच्या यंत्रावर काही टंकलं, पुन्हा टंकलं. त्याचे कान लाल झाले. पडद्यावर उत्तर आलं: 'अशा स्वरूपाची हरकत संभवत नाही.'

"संभवत नाही, म्हणतंय," तो पुटपुटला.

"मी तर समोर उभी आहे," बाई म्हणाल्या. "आता तुमच्याच नियमाने मला ऐका."

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. पाठराबेंनी मात्र पेन खाली ठेवलं. "बोला."

"माझ्या नावाने माझ्या बहिणीला प्रश्न विचारले गेले. ते मी विचारले नाहीत. तिच्या नावाने उत्तरं दिली गेली. ती तिने दिली नाहीत. दोघी हजर होत्या, अशी नोंद आहे, आणि दोघी घरी होत्या. साहेब, पूर्वी गैरहजर माणसाला निदान नंतर येऊन ओरडता यायचं, की मला हाक ऐकू आली नाही, माझ्या माघारी झालेला निकाल रद्द करा. आता ते दारही बंद, कारण तुमच्या नियमाने कुणी गैरहजर राहूच शकत नाही! मेलेला माणूसही तुमच्या दप्तरात हजर राहील. मला असलं घर नको. मला हरवायचं असेल तर ताईने हरवावं. जिंकायचं असेल तर तिचं ऐकून मी जिंकेन."

"ह्या भावना झाल्या, मॅडम," ढोके म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "अन् माझ्या वडिलांसारखी माणसं तारखेला जाऊन जाऊन मरतात, त्यांचं काय? त्यांना तुमच्या पुकाऱ्याने काय दिलं?"

हा सवाल खरा होता.

"विश्वजित, तुझ्या वडिलांना तारीख मिळत राहिली, सुनावणी कधी मिळालीच नाही. तू त्यांच्यासाठी सुनावणी आणायची, तर तारखेबरोबर तीच काढून टाकतोयस."

पाठराबेंनी ढोकेपुढचा खंड मिटला. मग म्हणाले, "करून बघू. हाच दावा, समक्ष. पडद्यावर प्रतिरूपांचे प्रश्न नि उत्तरं आधीच लिहिलेली राहतील, आणि पिंजऱ्यात प्रत्यक्ष साक्षीदार. जुळलं, तर नियम सर्वत्र लागू आणि तुमचा हुकूमनामा कायम. नाही जुळलं, तर नियम मागे घेऊ, आणि घराचं काय ते तिथल्या न्यायाधीश ठरवतील. हे मान्य असेल, तर तुम्ही स्वतःचं घर पणाला लावताय, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि जुळलं, तर साऱ्या राज्यातल्या लोकांची सुनावणी तुमच्या खटल्याच्या दाखल्याने बंद होईल."

हे मात्र घरापेक्षा मोठं होतं. तरी त्या म्हणाल्या, "मान्य."

सुनावणीच्या सकाळी दोघी बहिणी एकाच फाटकातून निघाल्या आणि दोन वेगळ्या ऑटोंत बसल्या. पद्मिनीने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. बसताना ती वळून म्हणाली, "घर मिळालं होतं ना तुले? मंग हे कायले?" बाईंना काही सांगता येण्याआधी तिचा ऑटो सुटला.

न्यायालयात पुकारा करायला माणूसच नव्हता. ते पद रद्द झालं होतं. शेवटी एका लिपिकाला दारात पाठवलं, आणि तो कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने म्हणाला, "पद्मिनी रंगारी..."

पद्मिनी समोरच्या बाकावर होती. ती हलली नाही.

"अहो, तुम्हीच ना? चला."

"पुकारा असा असते का? ह्या हाकेसाठी मी चार वर्षं थांबली. मोठ्यानं बोलाव."

लिपिकाने आत न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. त्यांनी हसू आवरत मान हलवली. मग तो छाती फुगवून ओरडला, "वादी, पद्मिनी मनोहर रंगारी, हाजिर हो!" व्हरांड्यातली कबुतरं उडाली, पलीकडच्या दालनातले चार वकील डोकावले, आणि पद्मिनी पदर सारखा करून उठली. "हाजिर," ती म्हणाली.

शपथ झाली. पडदा पिंजऱ्याच्या मागे होता. साक्षीदाराला तो दिसत नव्हता, बाकी सगळ्यांना दिसत होता. डाव्या बाजूला यशोधराबाईंच्या प्रतिरूपाचे प्रश्न, उजवीकडे पद्मिनीच्या प्रतिरूपाची उत्तरं. मंडळाचे लोक मागच्या बाकांवर बसले होते, ढोके सर्वांत पुढे.

यशोधराबाई उलटतपासाला उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, पद्मिनीने उत्तर दिलं, आणि दोन्ही पडद्यावर होतं. दुसराही होता. तिसऱ्याला पद्मिनी अडखळली, तर पडद्यावर 'अडखळते' असंही लिहिलेलं. मागे कुजबुज सुरू झाली. ढोकेने सुटकेचा निःश्वास टाकला, त्यात खुनशीपणा नव्हता, एवढं कबूल केलं पाहिजे. घर राहणार होतं, आणि बाकी सगळं जाणार होतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न तिथे तयार होता: 'लेखी पुरावा आहे का?' तोच त्यांच्या जिभेवर होता.

आणि तिथे त्या थांबल्या. हात्तिच्या! यंत्राने ताईला ओळखलंच नव्हतं. यंत्राने ओळखलं होतं आपल्याला. कागद आहे का म्हटल्यावर माणूस नाही म्हणणार, साक्षीदार आहे का म्हटल्यावर नाही म्हणणार. यात ताईचं काय आहे? उत्तरं ठरलेली, कारण प्रश्न ठरलेले. साऱ्या मुलखातले वकील एकच प्रश्न विचारतात, कारण साऱ्यांना बाईंसारख्याच कुणीतरी शिकवलंय: उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही. आणि 'का' तर कधीच विचारायचं नाही. 'का' म्हटलं, की साक्षीदाराला मैदान मोकळं.

बाईंनी हातातला कागद टेबलावर पालथा घातला.

"ताई, ती खोली तुझी का आहे?"

मागे एका वकिलाने अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला. पडद्याची डावी बाजू पुसली गेली, मग उजवी, आणि पडदा कोराच राहिला.

पद्मिनी धाकटीकडे टक लावून बघत होती. "हे तू विचारून राहिली? का तुहं भूत?"

"मीच विचारतेय."

"मंग बस खाली, यशे. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाई ते."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली, आणि यशोधराबाई बसल्या.

"ते खोली बाबानं बांधलीच नाई," पद्मिनी म्हणाली. "माह्या नवऱ्यानं बांधली. तू दिल्लीले शिकत होती. तो गवंडी माणूस, दिवसभर लोकाचे घरं बांधे, अन् संध्याकाळी येऊन आपल्या घराची भिंत उचले. इटा म्या डोक्यावर वायल्या. ते खिडकी वाकडी कायले आहे, ठाऊक आहे तुले? चौकट बसवत होता तवाच त्याले पयला झटका आला. बाबा म्हणे, काढून सरळ करू. म्या नाई करू देली."

पद्मिनीने पदराने तोंड पुसलं.

"अन् बाबाले लाज वाटे. लेकीच्या घरचं पाणी पेत नाईत आपल्यात, अन् जावयाच्या घामाची खोली कशी घ्यावं? म्हून त्यानं माह्याकडून वचन घेतलं, का कोणी विचारल्याबिगर हे सांगशीन नको. म्या देलं. वकिलानं इचारलं, कागद आहे का. जाऊबाईनं इचारलं, जाशीन कुठं. तू म्हणे, राहा ना, कोण जा म्हणते." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "खोली माही का आहे, हे कोणी इचारलंच नाई गं. आज इचारलं."

लिपिक लिहायचा थांबला होता. न्यायाधीशबाई त्याला म्हणाल्या, "लिहा. शब्द न् शब्द लिहा." ढोके उठून उभा राहिला होता. तो कोऱ्या पडद्याकडे पाहत नव्हता. तो पिंजऱ्यातल्या बाईकडे पाहत होता, आणि त्याच्या कपाळाची शीर सैल झाली होती. त्याच्या वडिलांना पिंजऱ्यात काय सांगायचं होतं, हे त्यालाही कधी कळलं नव्हतं.

यशोधराबाईंना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं. पुढची खोली गेली, हे त्यांना कळत होतं. दाव्यात नसलेली गोष्ट वादीला आपणहून सांगता आली नसती. ती दप्तरात आणली होती प्रतिवादीने, आपल्याच प्रश्नाने. असल्या उलटतपासाला त्यांनी वर्गात शून्य गुण दिले असते.

"प्रतिवादी, आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात सावध करण्याचा सूर होता. इथे थांबलं, तर उरलेल्या दोन खोल्या तरी शाबूत राहण्याची आशा होती, हे त्या दालनातल्या प्रत्येक वकिलाला दिसत होतं.

बाईंनी डोळे पुसले आणि त्या उठल्या. चालत पिंजऱ्याच्या बाजूला जाऊन पडद्याकडे पाठ करून ताईशेजारी उभ्या राहिल्या.

"विचारायचंय," त्या म्हणाल्या. "ताई, आणखी काय काय आहे, जे मी कधी विचारलं नाही?"

ह्या प्रश्नाचं उत्तरही त्यांना ठाऊक नव्हतं.